सव्वीस आटे

पॉलिशच्या ड्रमला अकरा निपल.
दहा ठीक आहेत. अकरावा, मागच्या बेअरिंगचा,
भिंतीकडे तोंड करून बसलेला,
सोमवारी पान्ह्यात अडकून बाहेर आला.
बोटाच्या पेरावर मावेल एवढा,
डोक्यातली गोळी आत रुतलेली, वर येत नाही.

ड्रम कुठल्या कंपनीचा, कुणाला माहीत नाही.
पितळी पाटी आहे,
पण दर दसऱ्याला चिंच लावून घासत घासत
अक्षरं आम्हीच पुसून टाकली.
मालक म्हणाले, "निपलच ना? दहा रुपयांचा.
गणपती पेठेत जा, लगेच ये."

कागदाच्या पुडीत घालून वरच्या खिशात ठेवला,
काढलेली दाढ डॉक्टर हातात देतात, तसा.

सहा एमएमचा आणून लावला.
आत गेला, पण डुगडुगत राहिला,
गन दाबली की ग्रीस कडेनं बाहेर, माझ्याच मनगटावर.
परत पेठेत. पाव इंची आणला.
दोन फेरे लोण्यातून गेला,
तिसऱ्याला अडला.

अडला की थांबायचं.
विरूपाक्ष मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं,
अडलेल्या आट्याला जोर लावणारा
पुढं सगळ्यालाच जोर लावत जातो.

शंभर फुटी रोडवरचा पोरगा म्हणाला,
"भोक मोठं करू, नवे आटे पाडू. अर्ध्या तासाचं काम."
बीड जुनं आहे, म्हटलं, तडकेल.
ते खरंच होतं.
पण मला ते नकोच होतं, हेही खरं.

मग कुपवाड. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला
पत्र्याच्या शेडात हसन शिकलगार.
त्यांनी पुडी सोडली, निपल मांडीवर पुसला,
गेजची पाती फणीसारखी उघडून एकेक लावून बघितली,
उजेडात धरली. फट दिसली की पुढचं पातं.
"सव्वीस," म्हणाले. "तू लावत हुतास अठ्ठावीस."
"इंचाला दोनच आट्यांचा फरक?"
"दोनच. म्हणून तर तिसऱ्या फेऱ्यापतोर कळत न्हाई."

कुठलीशी सूतगिरणी मोडली तेव्हा
किलोवर घेतलेला माल, चहाच्या डब्यात.
पेपरवर ओतला. दीड तास आम्ही दोघं
एकच नट फिरवून बघत होतो, शेकडो निपलांवर.
मध्ये एकदा चहा आला, गार झाला.
दोन सापडले.
त्यांनी एक दिला.
"एक ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. आणखी कोण तरी यील."
ऐंशी रुपये घेतले. पाच कमी करा म्हटलं,
तर डब्याचं झाकण लावलं.

बसवताना पाना लागलाच नाही.
बोटांनीच शेवटपर्यंत गेला,
पान्यानं नुसता अर्धा आवळा.
गन जोडली. दाबली. काही नाही.
दाबली. हँडल कडक, खांद्यापर्यंत कळ.
मग पलीकडच्या फटीतून
काळं, कढईच्या बुडाला लागलेल्या काकवीसारखं
हळूहळू यायला लागलं,
आणि त्या काळ्यात एक पिवळी रेघ.

हळद. कुठल्या हंगामाची कोण जाणे.
मी येण्याच्या आधीची असेल.
बोटावर घेऊन हुंगली,
एवढी वर्षं ग्रीसमध्ये मुरून
वास मात्र तिचाच.
त्यामागून नवं ग्रीस आलं, मधाच्या रंगाचं,
तेव्हा थांबलो.

ड्रम सुरू केला. निवडणीला बसलेली हौसाक्का
मान वर करून म्हणाली,
"आज रडंना का रं हे?"

लाल ऑइलपेंटनं ड्रमच्या पायावर मोठं लिहिलं, २६.
संध्याकाळी मालकांच्या मुलानं विचारलं,
"सव्वीस काय? हजार? दर फुटला काय एवढा?"
"आटे," मी म्हटलं.
तो फोन बघत निघून गेला.

मी बॅटरी घेऊन ड्रमखाली सरकलो.
बाकीच्या दहांचेही
एकदा मोजून ठेवले पाहिजेत.